वाळीत पडलेली धवलारीण

धाकट्या खारीत लग्न लागायचं ते मनुबाईच्या तोंडानं. भटजीला बोलावलं तर तो येई, अक्षता टाकी आणि ओहोटी लागायच्या आत होडी गाठी. पण त्याच्या मंत्रांनी लग्न लागलं असं गावातली एकही बाई धरत नसे. मांडवात उंबराची मेढ, म्हणजे खांब, रोवण्यापासून नवरी सासरच्या वाटेला लागेपर्यंत एकेका विधीचं गाणं असतं. त्याला म्हणायचं धवला, आणि तो गाणारी ती धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात पुरोहित हीच. धवला झाला नाही तर नुसती जेवणावळ झाली, लग्न नाही, असं तिथे सरळ म्हणत.

मनुबाई अंगानं काटकुळी, रंगानं सावळी, आणि आवाज विचाराल तर तिनं घरातून हाक मारली की बांधावरचा माणूस दचकायचा. धवले तिनं आईच्या तोंडून उचलले होते, आईनं आपल्या सासूच्या तोंडून. या विद्येचा तिला गर्व होता आणि तो ती लपवतही नसे. "मी नसले तर तुमची पोरं बिनलग्नाची म्हातारी व्हतील," असं ती मिशरी लावता लावता ऐकवायची, आणि बाया हसायच्या. हसण्यासारखंच होतं ते. तेव्हा तिला कुठे ठाऊक होतं की एक दिवस गाव हे खरं की खोटं ते करून बघणार आहे!

धाकटी खार हे अलिबाग आणि पेणेच्या मधल्या खारेपाटातलं गाव. इथली शेतं भरतीच्या पाण्याहून खाली. खाडी आणि भात यांच्यामध्ये उभा असतो तो एक मातीचा बांध. त्या बांधाला भगदाड पडलं, म्हणजे खांड पडली, की खारं पाणी आत घुसतं, आणि एकदा खारं पाणी प्यायलेलं शेत पुढे कित्येक हंगाम भाताला नाखूश असतं. म्हणून खांडीची हाळी आली की घरटी एक माणूस फावडं घेऊन धावलाच पाहिजे. आधी बांध, मग घर. हा कायदा कुणी घातला कोण जाणे, पण गावकी उभी होती ती याच्यावर. सरकारचे कायदे अलिबागेच्या कचेरीत राहत. धाकट्या खारीत कायदा सांगायचा तो गावकीच्या म्होरक्यानं, बाबाजीनं. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. इथे परमेश्वराला मुखं पाच असली तरी जीभ एकच होती, बाबाजीची. माणूस वाईट नव्हता. पण एकदा बोललेला शब्द मागे घेणं त्याला जमत नसे, आणि आपण बोललो म्हणजे गावकी बोलली हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

मनुबाईचा गावकीवर जीव होता. तिचा नवरा ऐन लावणीत बांधावर पान लागून, म्हणजे साप चावून, गेला, तेव्हा मुलगा बुधाजी नुकता चालायला शिकला होता. बाराव्याच्या आत गावानं येऊन तिच्या खाचरांची लावणी उरकली. कुणी बोलावलं नाही, कुणी सांगितलं नाही. बाबाजीनं गावदेव बापदेवाच्या देवळापुढे एक शब्द टाकला आणि सगळी घरं खाली उतरली. गाव करी ते राव न करी, असं ती त्यानंतर जन्मभर म्हणत आली. म्हणून पुढे जे झालं त्यात ती गावकीची वैरीण होती असं कुणी समजू नये.

झालं ते असं. साधारण एकोणीसशे अठ्ठावीस सालच्या भाद्रपदात अवसेच्या उधाणाला दिवसाढवळ्या खांड पडली. सगळे धावले. कोंडाजी धावला नाही. त्याचं घर गावाच्या खालच्या अंगाला, खाडीला लागून. पाणी उंबऱ्याशी आलं होतं. त्यानं आधी कणग्यातलं भात माळ्यावर चढवलं, बैल उंचावर बांधले, मग फावडं उचललं. तो बांधावर पोचला तेव्हा खांड बुजवून माणसं चिखलानं माखलेली विड्या ओढत बसली होती.

बैठकीत बाबाजी म्हणाला, "बापदेवाला नारळ फोड, गावाला जेवन घाल, नि चुकलो म्हन."

"नारळ फोडतो, जेवन घालतो," कोंडाजी म्हणाला. "पन माझं घर बुडत हुतं ते काय मी चुकून बुडवलं? चुकलो न्हाय म्हननार."

एवढं एक तोंड आवरलं असतं तर काही झालं नसतं. पण कोंडाजीची मान मेढीसारखी, रोवली तिथे रोवली. गावकीनं त्याला वाळीत टाकलं. वाळीत म्हणजे पाणी बंद, विस्तव बंद, बोलणं बंद. त्याच्या लावणीला कुणी जायचं नाही, त्याच्या दारात पाय ठेवायचा नाही, त्याच्या मांडवात बसायचं नाही. त्याचा कुत्रा दुसऱ्याच्या अंगणात गेला तरी लोक त्याला नाव न घेता हाकलीत.

आता मनुबाईची अडचण. कोंडाजीची मुलगी कोकिळा हिचं लग्न त्याआधीच, श्रावणात ठरलं होतं. मुलगा मांडव्याकडचा, मुंबईला जाणाऱ्या गलबतावर कामाला. कोकिळेच्या आईनं तेव्हाच मनुबाईच्या ओटीत धवल्याची सुपारी घातली होती. सुपारी घेतली की धवलारणीनं त्या मांडवात उभं राहायचंच. ती आजारी असेल तर डोलीतून न्यायची, पण न्यायची. मनुबाईच्या आईनं स्वतःच्या भावाच्या सुतकातही सुपारीचा शब्द पाळला होता, आणि ही गोष्ट मनुबाई देवाच्या गोष्टीसारखी सांगत असे.

माघात एक दिवस कोंडाजी तिच्या परसात येऊन उभा राहिला, लांब, आंब्याच्या आडोशाला.

"मनूबाय, सुपारी मोकली कर. तू येनार न्हायस हे मना ठावं हाय."

"सुपारी म्हंजे काय उसनं फावडं हाय, परत मागायला?" मनुबाई म्हणाली. तिनं आजूबाजूला बघितलंही नाही. "तुझ्यासाठी येत न्हाय मी. तुना गावकीनं टाकला ते बरोबरच केलं. मी पंचांत असते तर येवढ्यावर सोडला नसता. पन पोरीनं काय केलंय? तिनं का खांड पाडली?"

कोंडाजी रडला. मोठा माणूस रडायला लागला की बघवत नाही. मनुबाईनं तोंड फिरवलं आणि त्याला जा म्हणाली.

चोरून काही करायचा तिचा स्वभाव नव्हता. ती सरळ बाबाजीच्या ओटीवर गेली आणि सांगून आली. बाबाजीनं खूप वेळ सुपारी कातरली. मग म्हणाला, "जाऊ नको म्हंतो मी."

"जाते, धवला म्हंते, नि दुसऱ्या दिशी नारळ घेऊन येते. चुकले म्हनाया माझी जीभ झडत न्हाय."

बाबाजी गप्प बसला. मनुबाईनं ते गप्प बसणं होकारासारखं घेतलं. आपल्यावाचून गावाचं अडतं, आपल्याला काय करणार, असंही तिच्या मनात असणारच. गर्व माणसाला नेमका असल्या वेळी आधार देतो.

कोकिळेचं लग्न फाल्गुनात झालं. मांडवात नवऱ्याकडची माणसं, घरची चार, आणि मनुबाई. धवल्याला साथ द्यायला गावातल्या बाया नाहीत, म्हणून मांडव्याच्या बायांनी जमेल तशी साथ धरली. मनुबाईनं धवला उचलला तो नेहमीच्या शिरस्त्यानं. या धवल्यात आवतणं असतात. आधी धरणीला, मग खाडीला, मग बापदेवाला, मग गावकीला, घराघराचं नाव घेऊन. सगळ्यांनी मांडवात यावं, बसावं, पोरीला आशीर्वाद द्यावा. ही आवतणं पुरी झाल्याशिवाय पुढचा धवला उचलता येत नाही. मनुबाई डोळे मिटून गाणारी बाई. ती धरणीपासून निघाली ती गावातलं एकेक घर घेत गेली. बाबाजीचं घेतलं, पंचांची घेतली, शेवटी आपलं स्वतःचंही घेतलं. मांडव रिकामा होता, पण धवल्यात सगळं गाव येऊन बसलं. कोंडाजीची बायको तोंडावर पदर धरून हुंदके देत होती.

दुसऱ्या दिवशी मनुबाई नारळ घेऊन देवळापुढे गेली. बैठक भरलीच होती. बाईमाणसानं बैठकीत यायचं नाही, म्हणून ती पाराच्या बाहेर उभी राहिली आणि तिथूनच तिनं पदर पसरला. "गेले ते चुकले. पदरात घ्या."

"गेलीस ते येक येल सोडून दिलं असतं," बाबाजी म्हणाला. "पन वालीतल्याच्या मांडवान तू गावकीला आवतन दिलंस. नाव घेऊन बसवलंस. आमी त्याला टाकला, नि तुझ्या तोंडानं आमीच जाऊन त्याच्या मांडवान बसलो. मग वालीत काय उरलं?"

खरं म्हणजे मनुबाईच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. ती गोंधळली. "आवतनाबिगर धवला कसा व्हईल?"

"मग असं कर. बापदेवासमोर सांग, तो धवला खोटा हुता. गावकी गेली न्हवती, आवतन दिलं न्हवतं. म्हंजे झालं. नारळ फोड नि घरी जा."

सगळे तिच्याकडे बघत होते. तिला वाचवायचीच वाट काढली होती बाबाजीनं, हे तिलाही कळलं. पण धवला खोटा म्हणजे लग्न खोटं. कोकिळा कालच मांडव्याला गेली होती, अंगावरची हळदही उतरली नसेल; आणि तिचं लग्न लागलंच नाही असं तिच्या धवलारणीनं देवापुढे सांगायचं? ही बातमी ओहोटीच्या आत मांडव्याला पोचली असती.

"मी चुकले, शंभर येला चुकले," मनुबाई म्हणाली. "पन पोरीचं लगीन लागलंय."

नारळ तिच्या हातात तसाच राहिला. गावकीनं तिला वाळीत टाकलं.

घरी बुधाजी ओसरीत डोकं धरून बसला होता. तो मिठागरावर राबणारा, मवाळ माणूस. आई एका चुलीवर राहिली तर सगळं घर वाळीत. लावणीला कुणी येणार नाही, आणि मुलगी सत्यवती तेरा वर्षांची, तिला स्थळ कोण आणणार? मग मनुबाईनंच बोलून टाकलं, "असा बसू नको. चूल माझी मी उचलते." तिनं मागच्या पडवीत तीन दगड मांडले, मधल्या दाराला पलीकडून कडी घालायला लावली, आणि त्या दिवसापासून घराला दोन घरं झाली. भिंतीपलीकडे सून भांडी घासायची ते ऐकू यायचं. सत्यवती मधल्या दाराशी यायची, बापानं खाकरलं की परत जायची. लेकरानं आजीला हाक मारायची नाही, हाही त्या कायद्यातच होता. मनुबाईला वेगळ्या चुलीचं दुःख नव्हतं, तिला या एका गोष्टीचं होतं.

आणि गावाचं अडलं का? नाही. वैशाखात शेजारच्या गावाहून दुसरी धवलारीण आणली. तिचा आवाज घोगरा, आवतणांचा क्रम उलटापालटा, खाडीला तर ती विसरूनच गेली. मनुबाईनं पडवीतून सगळं ऐकलं आणि आता बाया उठून भांडतील असं तिला वाटलं. कुणी भांडलं नाही. जेवणं झाली, नवरी गेली. मनुबाई त्या रात्री जेवली नाही. वाळीत पडल्याचं तिला इतकं लागलं नव्हतं.

पुढच्या वर्षी कोकिळा बाळंतपणाला माहेरी येणार म्हणून कोंडाजीची मान मऊ झाली. सुईण तरी यायला हवी होती. तो बापदेवापुढे गेला, नारळ फोडला, चुकलो म्हणाला. त्याला एवढंच म्हणायचं होतं; मनुबाईसारखं कुणाचं लग्न खोटं ठरवायची अट त्याच्यावर नव्हती. गावकीनं त्याला घेतलं, त्याच्या अंगणात जेवली, आणि जेवताना वांग्याची भाजी चांगली झाल्याचंही बोलून गेली.

त्यानंतर कोंडाजी मनुबाईच्या पडवीवरून जायचा तो मान खाली घालून. बोलायचा नाही. कसा बोलेल? ती वाळीत होती आणि तो आता गावकीतला होता. जिनं त्याच्या मुलीसाठी गाव गमावलं तिच्या दारावरून तो पायांतल्या वहाणा न वाजवता जायचा. मला कोंडाजीचा राग येतो, आणि राग आल्यावर असंही वाटतं की त्याच्या जागी असतो तर आपण काय केलं असतं. पण राग येतोच.

सत्यवतीला पंधरावं लागलं आणि रेवसच्या बाजूचं चांगलं स्थळ आलं. लग्न वैशाखातलं ठरलं. मनुबाईनं आयुष्यभर लोकांच्या पोरींना हळद लावली, आणि आता आपल्या नातीचा धवला आपल्या तोंडून व्हावा एवढंच तिला हवं होतं. सुनेनं भिंतीला तोंड लावून सांगितलं, "बय, चैतातल्या बैठकीला जावा. कोनतरी उठंल."

वाळीतल्या माणसाला परत घ्यायचं तर बैठकीतून कुणीतरी उठून म्हणावं लागे, 'हे आमचं माणूस हाय, पदरात घ्या.' तो शब्द रक्ताच्या माणसाचा चालत नसे. आपल्या आईसाठी कोण उठणार नाही? म्हणून परक्या घरातला माणूस हवा. तो उठला की पंच जुनी अट सोडून नवी घालू शकत. कुणी उठलं नाही तर विषयच निघत नसे.

मनुबाई पाराबाहेर बसली. बाबाजीनं बांधाचं बोलणं काढलं, मिठागरांचं काढलं, जत्रेचं काढलं. सगळं झालं तरी त्यानं बैठक उठवली नाही. तो थांबला. म्हणाला, "आनखी कोनाचं काय हाय?" आणि त्यानं सरळ कोंडाजीकडे बघितलं. म्हातारा वाट बघत होता. त्याला ही गाठ सोडवायची होती, पण आपल्या हातानं सोडवता येत नव्हती. बुधाजीनंही कोंडाजीकडे बघितलं. सगळ्या गावानं बघितलं.

कोंडाजी धोतराच्या काठाचा सुटलेला दोरा ओढत होता. तो ओढत राहिला, दोरा लांब होत गेला.

"कोनाचं काय हाय का?" बाबाजीनं पुन्हा विचारलं.

कुणाचं काही नव्हतं. बैठक उठली.

संध्याकाळी कोंडाजी पडवीच्या मागे, आंब्याच्या आडोशाला आला. "मनूबाय, उठनार हुतो. पाय उचललं न्हायत. मी आताच वालीतनं निघालेला. तुझ्यासाठी उठलो म्हनून पुना टाकलं तर कोकिलेचं पोर कुठं घेऊन जाऊ?"

"बोलायचं असंल तर तिथं बोलायचं हुतंस," मनुबाई म्हणाली. "हितं चोरून नको बोलू. माझी सवय मोडंल." तिला शिव्या द्यायच्या होत्या, पण शिव्या द्यायलाही माणूस जवळचा लागतो.

सत्यवतीचं लग्न ठरल्या दिवशी, पुढच्या अंगणात, भरल्या मांडवात झालं. तीच घोगरी धवलारीण होती. मनुबाई पडवीत भिंतीला टेकून बसली होती. मेढीचा धवला झाला, हळदीचा झाला, आवतणं झाली. गावातलं एकेक घर येत गेलं. बुधाजीचं घर आलं, आणि त्यात तिचं नाव नव्हतं. भटजीनं अक्षता टाकल्या, ताशा वाजला. मनुबाईनं हात जोडले. झालं, तिनं मनाशी म्हटलं, आता नवरी जाईल.

ताशा थांबला आणि मांडवात गलका झाला. मग पडवीचं बाहेरचं दार ढकललं गेलं. दारात सत्यवती उभी होती. कपाळाला बाशिंग, हातांना ओली हळद, आणि मागे सगळं वऱ्हाड, गाव, बुधाजी, पंच.

"आजी, पानी दे," ती म्हणाली.

मनुबाई घाबरून उठली. "जा गो मागं. तुझ्या बापाला वालीत टाकतील."

"कशी टाकतील? अक्षता पडल्या. मी आता या गावकीची न्हाय." ती मागे वळून बघतही नव्हती. "मना तान लागलीय."

सगळे बाबाजीकडे बघायला लागले. बाबाजी तिथेच उभा होता. कायदा त्याचाच होता. लेक दिली की ती नवऱ्याच्या गावकीची, हे त्यानंच किती बैठकांत सांगितलेलं. त्यानं घसा साफ केला. "परगावची पाहुनी हाय," तो म्हणाला. "पाहुनीनं कुठं पानी प्यावं ते आपून सांगत न्हाय." आणि तो वळून मांडवाकडे निघाला. कोंडाजी जागचा हलला नाही. त्याचा चेहरा बघण्यासारखा नव्हता.

मनुबाईनं मडक्यातून तांब्या भरला. घाईत अर्धं पाणी सत्यवतीच्या लुगड्यावर सांडलं. पोर उभ्या उभ्या गटागटा प्यायली आणि तांब्या पुढे करून म्हणाली, "आनखी."

ही पोर या गावची होती तोवर तिला आजी नव्हती. आता परकी झाली तेव्हा तिला आजीच्या हातचं पाणी प्यायची मुभा मिळाली, आणि तासाभरात ती होडीत बसून जाणार होती. मनुबाईला हे कळलं. तिनं पुन्हा तांब्या भरून दिला, नातीच्या तोंडावरून हात फिरवला, आणि मग पाठवणीचा धवला उचलला. साथ कुणी धरली नाही, धरता येत नव्हती. ती एकटीच गायली, शेवटच्या शब्दापर्यंत.